रात्रीची लाईट, गव्हाला पाणी आणि न्यू ऑर्लिन्सचा रेडिओ : जॅझ लाईव्ह ऐकणारे इथं कोण कोण आहेत?

विहिरीवरचा_रेडिओ | ११ जानेवारी, रात्री १.०५

राम राम मंडळी. धागा लांब होणार आहे, आधीच सांगतो.

मी परभणी जिल्ह्यातला, सेलूकडचा. यंदा आमच्या फिडरला आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाईट आहे, म्हणजे दहाच्या पुढं थ्री फेज येणार आणि आपण बॅटरी घेऊन गव्हाला दारं धरत बसायचं. एक वाफा भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात घरी जावं तर जाता येत नाही, डोळा लागला तर पाणी दांड फोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात. अशाच एका रात्री मोबाईलवर रेडिओ गार्डन उघडलं. त्यात पृथ्वीचा गोळा फिरवायचा अन् हिरव्या ठिपक्यावर थांबलं की त्या गावातलं स्टेशन लागतं. फिरवत फिरवत अमेरिकेच्या खालच्या अंगाला, मिसिसिपी नदी समुद्राला मिळते तिकडं एका ठिपक्यावर थांबलो. डब्ल्यूडब्ल्यूओझेड, ९०.७ एफएम, न्यू ऑर्लिन्स. ट्रंपेट चालू होतं, मागं क्लॅरिनेट अन् कुणीतरी पायानं ठेका धरल्यासारखा ढोल. जॅझ हा शब्द ऐकला होता, पण ते हॉटेलातलं, सुटाबुटातलं संगीत असंल असं वाटायचं. हे तर मिरवणुकीतलं निघालं.

पण मला खरं धरून ठेवलं ते गाण्यानं नाही. आपल्याकडं रात्रीचे साडेबारा झाले की तिथं दुपारचा एक वाजतो, आणि एक वाजला की निवेदक एक यादी वाचायला घेतो. आज गावात कुठल्या क्लबात कोण वाजवणार, किती वाजता, कुठल्या रस्त्यावर. दर विषम तासाला हे वाचतात, एक, तीन, पाच असं. फ्रेंचमन स्ट्रीटवर अमुक, अपटाऊनला तमुक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या गावातली दवंडीच आठवली. तो माणूस आत्ता, या मिनिटाला, तिथं बसून त्याच्या गावाला सांगायलाय अन् मी इथं पाण्यात पाय घालून ते ऐकायलोय. कागद उलटल्याचा आवाजसुद्धा येतो कधी. गाणं झालं की ड्रमवर कोण, बासवर (खालच्या सुरांच्या वाद्यावर) कोण, एकेकाचं नाव घेतो, वाजवणारा त्याच्या ओळखीचा असला तर तेही सांगतो.

तिथले निवेदक पगारी नाहीत, सगळे स्वयंसेवक. स्टेशन डिसेंबर १९८० मध्ये सुरू झालं आणि सुरुवातीच्या काळात टिपिटिनाज नावाच्या क्लबच्या वरच्या खोलीतून चालायचं, खाली कार्यक्रम असला की फरशीच्या भोकातून मायक्रोफोन खाली सोडायचे अन् तेच थेट हवेत. असं स्टेशन आपल्या मनात बसणार नाही तर काय.

मला अॅपवरची तयार गाण्यांची यादी आता नको वाटते. गाणी चांगली असतात, पण पलीकडं कुणी नसतं. तुम्ही कोण काय ऐकता, कुठलं स्टेशन, किती वाजता, सांगा.

लातूरचा_पुण्यात | ११ जानेवारी, सकाळी ८.४०

भारी लिहिलंय दादा. मी अभ्यास करताना जॅझच्या नावाखाली जे दहा तासांचे व्हिडिओ असतात ते लावतो, पाऊस अन् पियानोवाले. दोन तासांनी एकही सूर आठवत नाही हे आत्ता तुमचं वाचून लक्षात आलं. पण लाईव्हला डेटा किती जातो? शेतात नेटवर्क टिकतं का? आणि स्क्रीन बंद केली की माझ्या मोबाईलवर अॅपच बंद पडतं.

दोन_काड्या_नेटवर्क | ११ जानेवारी, सकाळी ९.१५

@लातूरचा_पुण्यात हिशोब सोपा आहे. १२८ केबीपीएसचा स्ट्रीम असेल तर सेकंदाला १६ किलोबाईट, तासाला साधारण ५८ एमबी. तीन तास ऐकलं तरी पावणेदोनशे एमबी, रोजच्या दीड जीबीत आरामात बसतं. बऱ्याच स्टेशनांचा ६४ चा हलका स्ट्रीमपण असतो, त्याला निम्मंच लागतं आणि एक-दोन काड्यांवरही तुटत नाही. व्हिडिओ लावून नुसतं ऐकणं म्हणजे डेटा सांडणं आहे.

स्क्रीन बंद केल्यावर अॅप मरतंय म्हणजे फोनचा बॅटरी सेव्हर त्याला मारायलाय. सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपपुरतं बॅटरीचं बंधन काढून टाक. आणि शक्य असलं तर स्टेशनची स्वतःची साईट उघड, तिथून स्ट्रीमची लिंक घेऊन व्हीएलसी या प्लेअर अॅपमध्ये टाक, मधले दलाल कमी. अॅपमध्ये कधी कधी जुनी लिंक पडलेली असते आणि आपण समजतो स्टेशनच बंद पडलं.

जालना_ब्रास | ११ जानेवारी, दुपारी २.२०

हा धागा आमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला म्हणून आलो. आमचा बँड आहे, लग्नाचा, आजोबांपासून. मी ट्रंपेट वाजवतो, चुलते क्लारनेट. सीझन नसला की रियाजाला तोंड लागत नाही, म्हणून यूट्यूबवर शोधता शोधता मीपण तिथंच पोचलो, न्यू ऑर्लिन्सला.

तुम्ही म्हणालात मिरवणुकीतलं निघालं, ते एकदम बरोबर आहे. तिथं ब्रास बँड रस्त्यावर चालतो. एक साईड ड्रम, एक मोठा ढोल, दोघं वेगवेगळे वाजवणारे, अगदी आमच्यासारखंच, बसून वाजवायचा ड्रमसेट नाही. खालचा आवाज सुझाफोनवर, तो अंगाभोवती गुंडाळलेला मोठा भोंगा. आमच्याकडं तेच काम युफोनियम करतं. बँड अन् घरची माणसं ही पहिली ओळ, आणि मागं नाचत, छत्री-रुमाल उडवत येणारी पब्लिक म्हणजे सेकंड लाईन. त्यावरून त्या सगळ्या प्रकाराचं नावच सेकंड लाईन पडलं.

आणि मयताला बँड असतो. जाताना धीम्या लयीत, चर्चमधली भजनं, पाय ओढत. माती दिली की परत येताना लय सोडतात अन् नाचत येतात. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाच्या मयताला टाळ-मृदंगाचं भजन असतं, कधी बँडपण असतो, मी स्वतः वाजवलंय. धीम्या लयीत ट्रंपेट वाजवणं सगळ्यात अवघड, श्वास पुरत नाही आणि डोळे भरून आले की ओठ सुटतात. म्हणून त्यांचं ते पहिलं धीमं वाजवणं मी डोळे मिटून ऐकतो. रडतोय असं वाटतं पण सूर हलत नाही.

लुई आर्मस्ट्राँग तिथलाच, १९०१ चा. गरीब घरचं पोरगं, सुधारगृहात टाकलं, तिथल्या बँडमध्ये कॉर्नेटचं नीट शिक्षण मिळालं. आमच्या धंद्याला लोक लग्नापुरतं विचारतात, पाव्हण्यारावळ्यांत बँडवाला म्हणून पोरगी देत नाहीत. त्या गावात बँडवाल्याच्या नावानं विमानतळ आहे, आर्मस्ट्राँगच्याच. हे मी पोराला रोज सांगतो.

डर्टी डझन ब्रास बँड, १९७७ चा आणि रीबर्थ ब्रास बँड, १९८३ चा, हे दोन कान देऊन ऐका. ओझेडवर लागतातच.

विहिरीवरचा_रेडिओ | ११ जानेवारी, दुपारी ३.००

मास्टर, तुमच्या या एका कमेंटसाठी धागा काढल्याचं चीज झालं. आणि सध्या कार्निव्हलचा सीझन आहे बरं का, ६ जानेवारीला सुरू होतो अन् मार्दी ग्रा या त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतो, त्यामुळं ब्रास बँड जास्तच लागायलेत. रात्री ऐका.

निवृत्त_गुरुजी_हिंगोली | ११ जानेवारी, सायंकाळी ६.१०

सर्वांना नमस्कार. टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमच्या वेळी हा सगळा खटाटोप शॉर्टवेव्हवर होता. मी १९७४ ला खेड्यावर नोकरीला लागलो. खोली भाड्याची, वीज कधी असायची कधी नाही, त्यामुळे रेडिओ सेलवर चालणारा. पोस्टात लायसन्सची फी भरून यायचो. चांगलं ऐकू यावं म्हणून तांब्याची तार पत्र्यावरून समोरच्या लिंबाला नेऊन बांधली होती. सिलोन तर सगळेच ऐकायचे. मी एका रात्री काटा पुढे सरकवताना व्हॉइस ऑफ अमेरिकावर अडकलो. सुरुवातीलाच आगगाडी निघाल्यासारखी एक धून, आणि मग एक अतिशय शांत, जड आवाज. विलिस कॉनोव्हर.

हा माणूस इतकं सावकाश इंग्रजी बोलायचा की माझ्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्यालाही प्रत्येक शब्द कळायचा. ते मुद्दाम होतं, कारण त्यांचे श्रोते इंग्रजी न बोलणाऱ्या देशांतले. १९५५ साली सुरू केलेला तो कार्यक्रम त्यांनी १९९६ ला मरेपर्यंत चालवला. पोलंड, रशियात लोक दारं लावून ऐकायचे. आणि गंमत पाहा, खुद्द अमेरिकेत त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं, कारण व्हॉइस ऑफ अमेरिकाचं प्रसारण देशातल्या लोकांसाठी करायचं नाही असा १९४८ पासूनचा कायदा होता.

ती सुरुवातीची धून ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची, ‘टेक द ए ट्रेन’. आवाज लाटेसारखा यायचा, जायचा. ऐन सोलोच्या, म्हणजे एकट्या वादकाच्या वाजवण्याच्या, मध्यात सूर बुडायचा आणि खरखर. मग दहा सेकंदांनी परत वर यायचा. मधलं जे बुडालं ते मी मनात भरून काढायचो. आज मुलाने मोबाईलवर तेच रेकॉर्डिंग लावून दिलं तर पूर्ण ऐकू आलं, एकही सूर बुडाला नाही, आणि माझ्या मनातलं जे होतं त्याहून ते वेगळंच निघालं. चांगलंच होतं. पण पन्नास वर्षं माझ्याजवळ दुसरं होतं.

विहिरीवरचा_रेडिओ, तुम्ही म्हणता पलीकडे माणूस पाहिजे, ते मला शंभर टक्के पटतं. मला जॅझ त्या आवाजाने शिकवलं.

अंबाजोगाईची | ११ जानेवारी, रात्री ९.३०

गुरुजी, वाचून अंगावर काटा आला.

मी गाणं शिकले आहे आणि थोडंफार शिकवते. सुरुवातीला मला जॅझ ऐकताना फार अस्वस्थ व्हायचं, कारण समजेना. मग एकदा लक्षात आलं की माझा कान तानपुऱ्याचा आहे. आपल्याकडं षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत हलत नाही, सगळं त्याच्या आधारानं. जॅझमध्ये पायाखालची जमीनच सरकत राहते, खालचे स्वरसमूह बदलतात आणि बासवाला एकेक पाऊल टाकत तुम्हाला एका घरातून दुसऱ्या घरात नेतो. मी इकडं षड्ज धरून बसलेली, तो तिकडं पुढच्या घरात.

त्यावर मला सापडलेला उपाय सांगते. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचं १९५९ सालचं ‘सो व्हॉट’ ऐका, जवळपास प्रत्येक जॅझ स्टेशनवर कधी ना कधी लागतं. त्यात सुरावट म्हणाल तर चक्क आपला काफी थाट, ग आणि नि कोमल. सोळा बार (एक बार म्हणजे चार मात्रा) एका षड्जावर, मग आठ बार सगळंच्या सगळं अर्ध्या स्वरानं वर, मग आठ बार परत खाली. एवढंच. हार्मोनियम घेऊन बसा, काळी एकचा काफी वाजवा आणि मग पांढरी दोनचा, हाताला लगेच कळेल. आणि सुरुवातीला बास एक ओळ म्हणतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात, ते ऐकून मला तर भजनात बुवांनी ओळ टाकल्यावर टाळकरी उचलतात तेच दिसलं.

लय पकडायची तर ब्लूजपासून, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेल्या गाण्याच्या प्रकारापासून, सुरुवात करा. बारा बार, प्रत्येकात चार मात्रा, चार-चारच्या तीन ओळी. मी भाकरी थापताना मोजते, चार थापांचा एक बार. बारावा बार संपला की पहिल्यावर या, तीच आपली सम समजा. सोलो वाजवणारा कितीही लांब गेला तरी तिथं परत येणार. एकदा एका भाकरीत दोन फेऱ्या अचूक बसल्या तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात ‘क्या बात है’ म्हणाले.

शांत_माणूस_नांदेड | ११ जानेवारी, रात्री १०.०५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मला निवेदक नकोत. दिवसभर दुकानावर गिऱ्हाईकांशी बोलून डोकं भणाणतं, रात्री परत कुणी कानात बोलायला नको. मी रेडिओ स्विस जॅझ लावतो. जाहिरात नाही, बडबड नाही, नुसतं संगीत, फार तर मधेच स्टेशनचं नाव. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओचं आहे आणि त्यांच्या देशातल्या कलाकारांनाही त्यात भरपूर जागा देतात. आवाजाचा दर्जा अव्वल. कोण वाजवतंय ते साईटवर लिहिलेलं दिसतं, वाटलं तर बघायचं.

घाटीजवळची_नर्स | ११ जानेवारी, रात्री १०.४०

@शांत_माणूस_नांदेड मी तुमच्या बाजूनं असते, पण माझी नाईट असते. सकाळी आठला सुटून रूमवर येते, अंगात झोप अन् डोक्यात वॉर्ड. तेव्हा मी केसीएसएम लावते, जॅझ ९१, कॅलिफोर्नियात सॅन मटेओच्या कॉलेजचं. आपली सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ, दिवे लागणीची वेळ. निवेदिका ‘गुड इव्हनिंग’ म्हणते ना, तेव्हा मला वाटतं हो, माझीपण संध्याकाळच झाली, आता झोपायला हरकत नाही. सगळं संभाजीनगर कामाला निघालेलं असताना एवढं म्हणणारं दुसरं कुणी नसतं.

दोन_काड्या_नेटवर्क | ११ जानेवारी, रात्री ११.१०

निवेदक बोलतात यावरून आठवलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं डब्ल्यूकेसीआर, ८९.९. विद्यार्थी चालवतात. तिथं फिल शाप नावाचे गृहस्थ १९७० पासून होते, विद्यार्थी म्हणून आले आणि २०२१ ला वारले तोपर्यंत ते स्टेशन सुटलं नाही. त्यांचा ‘बर्ड फ्लाईट’ हा कार्यक्रम, फक्त चार्ली पार्कर हा सॅक्सोफोनवाला, आठवड्याचे कामाचे दिवस, सकाळी ८.२० ला, कितीतरी वर्षं. एका रेकॉर्डिंगवर अर्धा अर्धा तास बोलायचे, एकाच गाण्याचा कुठला टेक (रेकॉर्डिंगची फेरी) आधीचा, कुठल्या खोलीत, त्या दिवशी कोण आजारी होतं. लोक वैतागायचे, पण तेच लोक दुसऱ्या दिवशी परत लावायचे. आपल्याकडं कीर्तनकार एका अभंगावर तीन तास बोलतो तेव्हा आपण कुठं उठून जातो?

आणि यांची वाढदिवसाची पद्धत अशी की कलाकाराचा वाढदिवस असला की दिवसभर दुसरं काहीच नाही. लेस्टर यंग, तोही सॅक्सोफोनवालाच, त्याचा २७ ऑगस्टला, पार्करचा २९ ला. आपल्याकडं त्याच्या आसपास पोळ्याची गडबड असते. एका वर्षी बैलांची शिंगं रंगवताना आमच्या ओट्यावर लेस्टर यंग चालू होता, वडील म्हणाले हा सनईवाला कोण, गोड वाजवायलाय.

बीडबायपास | १२ जानेवारी, सकाळी ७.५०

एक विचारू का, आपण हे फुकट ऐकायलो, ते बरोबर आहे का? ही स्टेशनं देणगीवर चालतात ना?

विहिरीवरचा_रेडिओ | १२ जानेवारी, सकाळी ९.३०

चांगलं विचारलंत. हो, बहुतेक श्रोत्यांच्या पैशावरच चालतात. वर्षातून काही वेळा देणगीची मोहीम असते, निवेदक दिवसभर मागत असतो. सिॲटल-टॅकोमाकडचं केएनकेएक्स हे त्यातलं मोठं उदाहरण, पूर्वी एका विद्यापीठाचं होतं, विद्यापीठ विकायला निघालं तेव्हा श्रोत्यांनी २०१६ मध्ये ७० लाख डॉलर गोळा करून स्वतः घेतलं. आणि ओझेडचं सांगायचं तर ऑगस्ट २००५ मध्ये कटरिना वादळात सगळं शहर बुडालं, माणसं देशोधडीला लागली, स्टेशन बंद. तेव्हा न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू नावाच्या दुसऱ्या स्टेशननं आपल्या सर्व्हरवरून यांचा स्ट्रीम चालू केला, नाव ठेवलं ‘डब्ल्यूडब्ल्यूओझेड इन एक्झाईल’, म्हणजे परागंदा. घर गेलेली माणसं कुठल्या कुठल्या राज्यात बसून आपल्या गावाचा रेडिओ ऐकत होती. आपल्याकडं १९९३ चा भूकंप पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मी सोयाबीनचे पैसे आले की एकदाच थोडे पाठवतो. भाव पडले होते, तरी पाठवले. ज्याला जमत नसंल त्यानं नुसतं ऐकलं तरी त्यांचं काही म्हणणं नसतं, एक ईमेल टाका, कुठून ऐकतो ते लिहा. मी लिहिलं होतं तर ‘थँक यू फ्रॉम न्यू ऑर्लिन्स’ असं दोन ओळींचं उत्तर आलं. जपून ठेवलंय.

निवृत्त_गुरुजी_हिंगोली | १२ जानेवारी, सकाळी ११.००

एक भर. हे संगीत आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन पियानोवादक वाजवत होता. त्या काळात तयार झालेले गोव्याचे वादक पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत आले. चिक चॉकलेट हे ट्रंपेटवाले आपल्या सी. रामचंद्रांचे सहायक होते, आणि अण्णा तर पुणतांब्याचे, गोदाकाठचेच. ‘अलबेला’तली गाणी आपल्या घराघरात वाजली, त्यातलं ट्रंपेट आठवा. जालन्याच्या मास्टरांचा बँड आजही ती वाजवत असेल.

जालना_ब्रास | १२ जानेवारी, दुपारी १.१५

वाजवतो ना गुरुजी. ‘शोला जो भडके’ची फर्माईश आजही येते. चिक चॉकलेटचं नाव आज कळलं. पोराला सांगितलं.

लातूरचा_पुण्यात | १७ जानेवारी, रात्री १०.२०

आज शनिवार. दादा, तुमच्याकडं लाईट आहे का? सगळ्यांनी एकदाच ओझेड लावू, तिकडं सकाळचे अकराला दहा कमी आहेत. मी रूमवर हेडफोन लावून बसलोय, पाऊस-पियानोवाला टॅब बंद केला.

विहिरीवरचा_रेडिओ | १७ जानेवारी, रात्री १०.२८

लाईट आली. तिसऱ्या वाफ्यावर आहे. स्पीकर धुऱ्यावर ठेवलाय, आवाज मोठा केलाय, रानडुकरंपण लांब राहतात. साडेदहाला त्यांचे अकरा वाजतील, यादी वाचतील. लावा.

अंबाजोगाईची | १७ जानेवारी, रात्री १०.३१

लावलं. माझ्याकडं अजून आधीचंच गाणं संपायचंय, क्लॅरिनेट आहे.

विहिरीवरचा_रेडिओ | १७ जानेवारी, रात्री १०.३१

माझ्याकडं संपलं, तो बोलायला लागला. तुमचा स्ट्रीम अर्धा मिनिट मागं असंल.

जालना_ब्रास | १७ जानेवारी, रात्री १०.३२

माझ्याकडं आत्ता क्लारनेट. चुलत्यांना बोलावलं, ते म्हणले शेवटचा सूर बघ कसा सोडला.

घाटीजवळची_नर्स | १७ जानेवारी, रात्री १०.३३

ड्युटीवर आहे, ऐकू शकत नाही. कोण कुठं वाजवणार आहे ते इथं लिहा ना कुणीतरी, ब्रेकमध्ये वाचते.